पहिली पीपीटी

सादरीकरण म्हणजे बोलणाऱ्याचे म्हणणे आणि त्या म्हणण्याच्या आधाराला पडद्यावर येणारी स्लाइड. कचेऱ्यांतून आणि कारखान्यांतून या दोन्हींना मिळून ‘पीपीटी’ म्हणतात, आणि निम्मा घोटाळा या एका शब्दानेच होतो. ‘परवाच्या मीटिंगला पीपीटी करून आण’ असा निरोप आला की नवखा कर्मचारी संगणक उघडतो, रंगीत टेम्पलेट निवडतो आणि हाताशी असलेला अहवाल तुकडे पाडून त्यात भरतो. तयार होते ते अहवाल म्हणून अपुरे असते आणि भाषण म्हणून कंटाळवाणे. अहवाल निवांत वाचायचा असतो, भाषण ऐकायचे असते आणि स्लाइड चार-पाच सेकंदांत नजरेखालून घालून पुन्हा बोलणाऱ्याकडे वळायचे असते. माणसाला एकाच वेळी वाचता आणि ऐकता येत नाही. पडद्यावर परिच्छेद दिसला की लोक वाचू लागतात, आणि तेवढा वेळ बोलणाऱ्याचे शब्द वाया जातात.

पीपीटी ज्यात करतात ते साधन मुळात छोट्या कामासाठी निघाले. ओव्हरहेड प्रोजेक्टरवर ठेवायच्या पारदर्शक कागदांचा, म्हणजे ट्रान्सपरन्सीचा, मजकूर संगणकावर जुळवता यावा म्हणून फोरथॉट नावाच्या छोट्या कंपनीने १९८७ मध्ये मॅकिन्टॉश संगणकासाठी पॉवरपॉइंट बाजारात आणले. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ती कंपनी १ कोटी ४० लाख डॉलरना विकत घेतली. आज गूगल स्लाइड्स किंवा लिबरऑफिस इम्प्रेस यांतूनही हेच काम फुकटात होते. नवख्याने कोणतेही एक घ्यावे आणि त्यावर हात बसवावा. तिन्हींची तत्त्वे सारखीच आहेत.

रायगडच्या किनारपट्टीवर पीपीटी लागत नाही असे कामाचे ठिकाण आता विरळाच. उरणजवळचे न्हावा-शेवा बंदर, थळचा खतकारखाना, डोलवीचा पोलाद कारखाना, अलिबागमधली जिल्हा कार्यालये, मुरूड-श्रीवर्धनकडची पर्यटनाची कामे, सगळीकडे आठवड्याला कुठली ना कुठली आढावा बैठक असते. उदाहरण म्हणून इथे मान्सूनपूर्व आढावा बैठक घेऊ. किनाऱ्यावरच्या एका तालुक्यात चक्रीवादळाची तयारी कुठवर आली आहे, हे दहा मिनिटांत सांगायचे काम एका कनिष्ठ कर्मचाऱ्याकडे आले आहे. समोर महसूल, पोलीस, महावितरण, बांधकाम, आरोग्य आणि मत्स्यव्यवसाय या खात्यांचे अधिकारी बसणार आहेत.

पहिला अर्धा तास संगणक बंद ठेवून कोऱ्या कागदावर तीन गोष्टी लिहाव्यात. बैठक संपताना समोरच्यांनी काय ठरवायला हवे? त्यांना आधीच काय माहीत आहे? प्रत्यक्ष बोलायला किती मिनिटे मिळणार आहेत? पहिल्या प्रश्नाला ‘माहिती देणे’ हे उत्तर चालत नाही. माहिती परिपत्रकानेही देता येते. त्यासाठी दहा अधिकाऱ्यांना एका खोलीत बसवायचे कारण नाही. ‘निवाऱ्याच्या शाळांसाठी तीन जनरेटर मंजूर व्हावेत आणि फांद्या छाटण्याचे काम ठरलेल्या तारखेला संपावे’ हे उत्तर झाले. दुसऱ्या प्रश्नामुळे बरीच काटछाट होते. चक्रीवादळ म्हणजे काय, ते कसे तयार होते, हे या श्रोत्यांना सांगणे म्हणजे कोळ्याला भरती-ओहोटी समजावणे. इंटरनेटवरून उतरवलेल्या अशा प्रास्ताविकाच्या स्लाइड पहिल्याच फेरीत गळायला हव्यात. दहा मिनिटे मिळणार असतील तर सात मिनिटांचेच बोलणे बांधावे, कारण आधीचा विषय लांबतो आणि कापले जाते ते नवख्याचेच.

यानंतर सगळे सादरीकरण सहा-सात पूर्ण वाक्यांत कागदावर उतरवावे. एक वाक्य म्हणजे एक स्लाइड. ही वाक्ये एकामागून एक मोठ्याने वाचली की म्हणणे सलग लागते की मध्येच तुटते, ते कानाला लगेच कळते. तुटत असेल तर स्लाइड कितीही देखणी केली तरी तुटलेलेच राहणार.

हीच वाक्ये पुढे स्लाइडचे मथळे होतात. नवख्याच्या हातून सर्वांत जास्त चूक इथेच होते. ‘चक्रीवादळे : एक दृष्टिक्षेप’, ‘सद्यःस्थिती’, ‘उपाययोजना’ हे मथळे म्हणजे खणांवर चिकटवलेल्या चिठ्ठ्या, आत काय आहे ते त्यांवरून कळत नाही. मथळ्याने म्हणणे सांगावे आणि खालच्या चित्राने किंवा आकड्याने त्याचा पुरावा द्यावा.

वरच्या उदाहरणातली एक स्लाइड जवळून पाहण्यासारखी आहे. ‘निसर्ग’ चक्रीवादळ ३ जून २०२० रोजी दुपारी अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले. ‘तौक्ते’ १७ मे २०२१ रोजी या किनाऱ्याला समांतर उत्तरेकडे सरकत गेले आणि त्याच रात्री गुजरातेत धडकले. दोन्हींमध्ये पुरते वर्षही गेले नव्हते. या दोन तारखा पाहून नवखा कर्मचारी मथळा लिहितो : ‘आपल्याकडे वादळे मे-जूनमध्ये येतात’. मथळा पूर्ण वाक्यात आहे, ठाम आहे, आणि चुकीचा आहे. ११ नोव्हेंबर २००९ रोजी ‘फयान’ अलिबाग आणि मुंबई यांच्या दरम्यान किनाऱ्यावर आले होते. ते वगळले तर स्लाइड अर्धे खरे सांगते, आणि बैठकीत वय झालेला एखादा अधिकारी ‘मग फयानचे काय?’ असे विचारून सगळे सादरीकरण एका वाक्यात पाडू शकतो. फयान धरले की मथळा बदलतो : ‘पहिली तयारी मेच्या सुरुवातीला संपवावी, दुसरी तपासणी ऑक्टोबरात ठेवावी’. खाली जानेवारी ते डिसेंबर अशी एकच आडवी रेघ. तिच्यावर १७ मे, ३ जून आणि ११ नोव्हेंबर हे तीन ठिपके, प्रत्येकाशेजारी वादळाचे नाव आणि साल. त्याच रेघेवर १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांच्या मासेमारी बंदीचा फिका पट्टा दाखवला की आणखी एक गोष्ट न बोलता दिसते : तीनपैकी दोन वादळे बंदी लागू नसतानाची आहेत. होड्या परत बोलावण्याचा मुद्दा मत्स्यव्यवसाय खात्याच्या प्रतिनिधीपुढे आपोआप येतो. स्लाइडवर एवढेच. वाऱ्याचा वेग, पडलेले खांब, नुकसानीची रक्कम हे विचारले गेले तर तोंडी सांगता येते, किंवा शेवटी जोडलेल्या राखीव स्लाइडवर ठेवता येते.

चुकीच्या मथळ्याची किंमत किती मोठी असू शकते याचा दाखला अवकाशयानाच्या इतिहासात आहे. कल्पना चावला आणि सहा सहकारी ज्यात होते ते कोलंबिया यान १ फेब्रुवारी २००३ रोजी परतताना नष्ट झाले. उड्डाणाच्या वेळी फोमचा तुकडा यानाच्या पंखावर आदळला होता, आणि यान अवकाशात असतानाच अभियंत्यांनी त्या आघाताबद्दल सादरीकरण केले होते. चौकशी मंडळाने पुढे आपल्या अहवालात त्यातल्या एका स्लाइडची चिरफाड केली. स्लाइडचा मथळा धीर देणारा होता. खाली मुद्दे, उपमुद्दे, त्यांचेही उपमुद्दे अशी उतरंड, आणि अगदी तळाशी बारीक अक्षरांत खरी गोष्ट होती : प्रयोगात वापरलेला तुकडा ३ घन इंचांचा होता, तर प्रत्यक्षातला अंदाजे १९२० घन इंचांचा. ६४० पटींचा हा फरक मथळ्यात असायला हवा होता. अपघात एका स्लाइडमुळे झाला असे कोणी म्हणत नाही; पण धोक्याची गोष्ट उपमुद्द्यात पुरली गेली, हे खरे. कारखान्यातल्या सुरक्षा बैठकीसाठी स्लाइड करणाऱ्याने हे उदाहरण लक्षात ठेवलेले बरे.

मथळे ठरले की संगणक उघडावा. आधी स्लाइडचा आकार तपासावा. नव्या पडद्यांना १६:९ हे प्रमाण लागते. जुन्या सभागृहांतले काही प्रोजेक्टर अजून ४:३ चे असतात. बैठक कुठल्या दालनात आहे हे आधी विचारून घेतले तर शेवटच्या क्षणी सगळा मजकूर आक्रसण्याची वेळ येत नाही. नंतर स्लाइड मास्टर. हा भाग नवखे सहसा उघडतच नाहीत. मथळ्याची जागा, अक्षराचा प्रकार आणि आकार, कार्यालयाचे बोधचिन्ह, स्लाइडचा क्रमांक हे सगळे तिथे एकदा ठरवले की प्रत्येक स्लाइडवर आपोआप येते, आणि पुढे बदल करायचा झाल्यास एकाच जागी करावा लागतो. बोधचिन्ह कोपऱ्यात लहान असावे. क्रमांक मात्र ठळक हवा. ‘ती तीन नंबरची स्लाइड पुन्हा दाखवा’ असे समोरून म्हणता आले पाहिजे.

मराठी स्लाइडचा खरा कस अक्षरांत लागतो. इंग्रजीसाठी लिहिलेले नियम देवनागरीला जसेच्या तसे लागू पडत नाहीत. देवनागरीत रेघेच्या वर वेलांट्या, मात्रा, रफार आणि खाली उकार, जोडाक्षरे असतात, त्यामुळे त्याच आकड्याचे मराठी अक्षर इंग्रजीपेक्षा लहान आणि दाटलेले दिसते. मथळा ३६ आणि मजकूर २८ पॉइंटांच्या खाली नेऊ नये. दोन ओळींतले अंतरही थोडे वाढवावे, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. तिरपी अक्षरे मराठीत शोभत नाहीत. भर द्यायचा तर ठसा जाड करावा. अक्षरांमधले अंतर ओढूनताणून वाढवले तर शिरोरेषा तुटते आणि शब्द सुट्या अक्षरांसारखा दिसतो.

फॉन्टचा प्रकार त्याहून जास्त छळतो. कृतिदेव किंवा जुन्या श्रीलिपीत टंकलेला मजकूर युनिकोड नसतो. तो फॉन्ट ज्या संगणकावर नाही तिथे फाइल उघडली की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची अगम्य माळ उमटते. जिल्ह्याच्या सभागृहात, सगळे बसलेले असताना हे घडले तर दुरुस्तीला वेळ नसतो. म्हणून मजकूर युनिकोडमध्येच टंकावा. विंडोजमध्ये निर्मला हा फॉन्ट असतोच, त्यामुळे तो सर्वांत सुरक्षित. मुक्ता, नोटो सॅन्स देवनागरी किंवा राज्य मराठी विकास संस्थेने उपलब्ध करून दिलेला यशोमुद्रा हे फुकट मिळतात आणि दिसायलाही चांगले आहेत, पण ते दुसऱ्या संगणकावर असतीलच असे नाही. असा फॉन्ट वापरला तर फाइल, ऑप्शन्स, सेव्ह या वाटेने जाऊन फॉन्ट फाइलमध्येच साठवण्याच्या पर्यायावर खूण करावी. काही फॉन्ट ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे दाखवतात. मराठी डोळ्याला ते खटकते, म्हणून निवडण्यापूर्वी ही दोन अक्षरे उमटवून पाहावीत. सगळ्या सादरीकरणात एकच फॉन्ट पुरतो. अक्षर पुरेसे मोठे आहे की नाही हे पाहण्याची सोपी रीत म्हणजे लॅपटॉपवर स्लाइड पूर्ण पडद्यावर लावून सात-आठ फूट मागे उभे राहणे. जे वाचता येत नाही ते मागच्या रांगेलाही वाचता येणार नाही.

आकड्यांच्या बाबतीत एक्सेलमधला तक्ता जसाच्या तसा चिकटवणे हा सरकारी आणि खासगी दोन्ही कचेऱ्यांचा जुना रोग आहे. बारा रकाने आणि वीस ओळींचा तक्ता पडद्यावर टाकून ‘हे तुम्हाला दिसत नसेल, पण…’ अशी सुरुवात करणारा बोलणारा स्वतःच चूक कबूल करत असतो. दिसत नसेल तर दाखवू नये. समजा निवाऱ्यासाठी ठरवलेल्या आठ शाळांपैकी तीन ठिकाणी जनरेटर नाही; तर ‘८ पैकी ३’ हे मोठ्या आकड्यात आणि खाली त्या तीन गावांची नावे, एवढे पुरे. सविस्तर तक्ता छापून हातात द्यावा. तुलना दाखवायची तर पट्ट्यांचा आलेख, काळाबरोबरचा चढउतार दाखवायचा तर रेघेचा. वर्तुळाचा आलेख दोन-तीन भागांपलीकडे वाचता येत नाही, आणि तिरपे केलेले त्रिमिती आलेख तर पुढचा भाग उगाच मोठा दाखवतात. गावांची नावे लांब असली की ती उभ्या पट्ट्यांखाली तिरकी होऊन बसतात. अशा वेळी पट्ट्या आडव्या घ्याव्यात. रक्कम लाख-कोटींत लिहावी, आणि एका स्लाइडवर लाख तर दुसऱ्यावर कोटी असे करू नये. अंक देवनागरी असोत वा इंग्रजी, सगळीकडे एकाच लिपीतले असावेत. आकडा कोणत्या तारखेचा आणि कोणत्या खात्याचा हे आलेखाखाली बारीक अक्षरांत लिहिले की निम्मे आक्षेप तिथेच मिटतात.

छायाचित्रे व्हॉट्सअ‍ॅपवर साध्या रीतीने आलेली असतील तर त्यांचा बारकावा आधीच गेलेला असतो आणि पडद्यावर ती धूसर दिसतात. पाठवणाऱ्याला फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगावे. फोटो आडवा-उभा ताणू नये. कोपरा धरून लहान-मोठा करावा. एका स्लाइडवर सहा फोटो दाटण्यापेक्षा धक्क्याच्या तुटलेल्या पायरीचा एकच मोठा फोटो अधिक बोलतो. इंटरनेटवरून उचललेली, हस्तांदोलन करणाऱ्या सुटाबुटातल्या परदेशी माणसांची चित्रे तर पेण-उरणच्या बैठकीत हास्यास्पदच दिसतात.

रंग दोन पुरेत : एक मजकुराचा, एक लक्ष वेधण्याचा. पांढऱ्या किंवा फिक्या पार्श्वभूमीवर गडद अक्षरे सर्वांत भरवशाची. लॅपटॉपवर सुरेख दिसणारा फिका पिवळा किंवा आकाशी रंग, खिडक्यांना जाड पडदे नसलेल्या सभागृहात पार धुऊन निघतो. लाल आणि हिरवा यांतला फरक काहींना दिसत नाही, म्हणून ‘झाले’ आणि ‘राहिले’ हे रंगाबरोबर शब्दानेही लिहावे. गिरक्या घेत येणारे मथळे आणि आवाज यांबद्दल इतकेच, की वापरू नयेत.

स्लाइड तयार झाल्या की उभे राहून, मोठ्याने, घड्याळ लावून किमान दोनदा सराव करावा. मनातल्या मनात वाचलेले सात मिनिटांचे भाषण तोंडाने दहा मिनिटे घेते. स्लाइडवरचे वाक्य जसेच्या तसे वाचून दाखवणे हे श्रोत्यांना निरक्षर समजण्यासारखे आहे. मथळा त्यांना वाचू द्यावा आणि आपण त्याचे कारण सांगावे. थोडी बटणे हाताला माहीत असावीत : एफ ५ ने सादरीकरण सुरू होते, शिफ्टसह एफ ५ ने समोरच्या स्लाइडपासून, स्लाइडचा क्रमांक दाबून एंटर केले की थेट तिथे जाता येते, आणि बी दाबले की पडदा काळा होऊन सगळ्यांची नजर बोलणाऱ्याकडे येते.

किनाऱ्यावर मे ते सप्टेंबर वीज आणि नेटवर्क यांचा भरवसा धरू नये. फाइल नेटवर असली तरी पेनड्राइव्हवर एक प्रत, पीडीएफची दुसरी आणि छापील चार-पाच पाने जवळ ठेवावीत. वीज गेली तर छापील पानांवर बैठक पुढे चालते, आणि ज्याची तयारी पक्की आहे त्याला पडदा नसला तरी बोलता येते. लॅपटॉपला एचडीएमआय आणि सभागृहातल्या प्रोजेक्टरला जुनी व्हीजीए वायर ही जोडी नेहमीची आहे. मधला जोड खिशात असावा. पडद्यावर चित्र येत नसेल तर विंडोजचे बटण आणि पी एकत्र दाबून ‘डुप्लिकेट’ निवडावे. हे सगळे श्रोते येण्यापूर्वी अर्धा तास जाऊन पाहावे.

शेवटच्या स्लाइडवर फुलांच्या चित्रासह ‘धन्यवाद’ लिहिण्याची प्रथा सोडून द्यावी. चर्चा सुरू असताना पडद्यावर सर्वांत जास्त वेळ राहते ती हीच स्लाइड. तिच्यावर मागण्या असाव्यात : कोणी, काय, कोणत्या तारखेपर्यंत करायचे. तीन निवाऱ्यांना जनरेटर, फांद्या छाटण्याची मुदत, ऑक्टोबरातल्या दुसऱ्या तपासणीची तारीख, आणि प्रत्येकापुढे जबाबदार खाते. आभार तोंडी मानता येतात. बैठकीचे इतिवृत्त लिहिणारा बहुधा याच स्लाइडवरून शब्द उतरवून घेतो. म्हणून तिच्यावरच्या तारखा, गावांची नावे आणि शुद्धलेखन निघण्यापूर्वी आणखी एकदा दुसऱ्या कोणाकडून तपासून घ्यावे.